टाकी नवी, विरजण जुनं

वनस्पतींची टाकी दीड-दोन वर्षं चालली की कधीतरी ती मोडून पुन्हा मांडावी लागते. तळाच्या सॉइलचा भुगा होऊन चिखल झालेला असतो, वॅलिसनेरियाच्या मुळांनी सगळी जमीन विणून टाकलेली असते, काचेवरचं काळं शेवाळ काही केल्या जात नसतं. मग एक रविवार धरला जातो. मासे बादलीत जातात, झाडं परातीत. खडी गच्चीवर नेऊन नळाखाली खळखळून धुतली जाते आणि फिल्टरचा स्पंज पांढरा होईपर्यंत पिळला जातो. संध्याकाळी टाकी आरशासारखी दिसते. बुधवारी मासे वर येऊन तोंड वासायला लागतात, आणि गुरुवारी पहिला टेट्रा जातो.

अशा वेळी आपल्याकडे ‘पाणी मानवलं नाही’ म्हणतात. म्हणणं अगदीच खोटं नाही, पण माशांच्या आधी त्या टाकीत दुसरं कोणीतरी मेलेलं असतं आणि त्याची दखल कोणी घेत नाही. स्पंजावरचा तपकिरी, बुळबुळीत थर आपण मळ समजून गटारात सोडला, तो टाकीचं मूत्रपिंड होता. टाकी नव्याने मांडताना हा थर कसा वाचवावा, याबद्दल हौशी मंडळींत निदान पाच-सहा मतं आहेत. ती तपासून पाहावीत आणि सातारा-सांगलीच्या पाण्याला, हवेला आणि विजेला त्यातलं काय लागू पडतं ते सांगावं, एवढ्यासाठी हा लेख.

आधी या थरात कोण राहतं ते पाहू. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया टाकतो. उरलेलं खाद्य आणि कुजलेलं पान त्यात भर घालतात. एका गटाचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन माशांना विष, तिसरं त्या मानाने निरुपद्रवी आणि झाडांचं अन्न. हे काम सजीव करतात हे १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्यून्झ या दोघांनी दाखवलं. वाळू आणि चुनखडीच्या नळीतून त्यांनी सांडपाणी सावकाश झिरपू दिलं. पहिले काही आठवडे अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला, मग त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते थांबलं. क्लोरोफॉर्म काढून टाकल्यावरही ते आपोआप सुरू झालं नाही. मातीचं थोडं धुवण घातलं तेव्हाच सुरू झालं. टाकी मोडणाऱ्याने हा प्रयोग नीट लक्षात ठेवावा, कारण आपला सगळा प्रश्न आणि त्याचं उत्तर त्यात आहे. सुरुवातीची वाट पाहणं, एका फटक्यात सगळं मरणं आणि जुन्यातल्या चिमूटभराने पुन्हा जिवंत होणं, तिन्ही गोष्टी त्या एका नळीत घडल्या.

विनोग्राडस्कीने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे काढले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं पुस्तकांत दोनच नावं होती, नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर. दुकानातल्या बाटल्यांवर आजही बऱ्याचदा तीच दिसतात. पण १९९८ मध्ये होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांत पाहिलं, तर नायट्राइट खाणारा मुख्य जिवाणू नायट्रोबॅक्टर नव्हता, नायट्रोस्पायरा होता. २००५ मध्ये सिएटलच्या मत्स्यालयातल्या एका टाकीतून अमोनिया खाणारा आर्किया हाती लागला. आर्किया म्हणजे जिवाणूंसारखाच दिसणारा, पण वेगळ्या कुळातला सूक्ष्मजीव. २०११ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या गटाने दाखवलं की गोड्या पाण्याच्या अनेक फिल्टरांत अमोनिया खाणाऱ्यांमध्ये या आर्कियांचीच संख्या जास्त असते. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकट्याने करणारे नायट्रोस्पायरा सापडले, आणि त्यांतले काही मत्स्यपालनाच्याच फिल्टरमधून मिळाले.

ही जंत्री दिली ती एवढ्यासाठी की तुमच्या स्पंजावर नेमकं कोण राहतं हे बाटलीवरच्या लेबलवरून कळत नाही. तुमच्या पाण्याला, तुमच्या माशांच्या संख्येला, तुमच्या खाद्याला जुळलेली वस्ती तिथे महिनोन्‌महिने जमत आलेली असते. आई शेजारणीकडून विरजण आणते आणि मग तेच वर्षानुवर्षं पुढे चालवते, तसंच हे आहे. फरक वेगाचा. दुधाला विरजण लावलं की सकाळी दही. हे जिवाणू मात्र फार संथ आहेत. कोलायसारखा जंतू सोयीच्या वातावरणात वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना दुप्पट व्हायला कित्येक तास, बऱ्याचदा एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. म्हणून कोरी टाकी ‘लागायला’ चार ते सहा आठवडे जातात आणि म्हणूनच जुनं विरजण टाकून देणं महागात पडतं.

आता मतांकडे येऊ. सर्वांत जुना आणि सर्वांत पसरलेला समज असा की जुनं पाणी राखलं की काम झालं. पिंपभर जुनं पाणी जपून ठेवणारे पुष्कळ आहेत. हे जिवाणू पाण्यात तरंगत फारसे राहत नाहीत, पृष्ठभागाला धरून राहतात. वाईच्या घाटावर किंवा संगम माहुलीला पाण्याखालच्या पायरीवर पाय ठेवला की तो सटकतो. नदीची सफाई त्या निसरड्या थरात चालते, वाहत्या पाण्यात नाही. टाकीतही तसंच. थर स्पंजावर असतो, सिरॅमिक रिंगांवर असतो, खडीच्या वरच्या इंचभरात, लाकडावर, दगडांवर, पानांवर असतो. जुन्या पाण्याचा उपयोग आहे, पण तो वेगळा. माशांना क्षारांचा आणि सामूचा अचानक धक्का बसत नाही आणि स्पंज धुवायला बिनक्लोरीनचं पाणी हाताशी राहतं. जिवाणूंची बँक म्हणून मात्र ते जवळजवळ रिकामं असतं.

दुसरं मत फिल्टरचं, आणि तेच मला सर्वांत भक्कम वाटतं. फिल्टरमधलं माध्यम जसंच्या तसं राखावं, त्याच दिवशी बदलू नये, धुवायचंच झालं तर टाकीतून काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा हलकं दाबून घ्यावं. इथवर बहुतेकांचं एकमत आहे. पण मोडलेली टाकी पुन्हा उभी राहीपर्यंत चार-सहा तास जातात, आणि त्या वेळात फिल्टर कुठे असतो? बहुतेक घरांत तो बाजूला, बंद, झाकण लावून ठेवलेला असतो. इथेच घात होतो. अमोनियातल्या एक ग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सुमारे साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो. बंद कॅनिस्टरमध्ये दाटीने बसलेली वस्ती थोड्याच वेळात आतला ऑक्सिजन संपवते. मग तिथे सडका वास धरतो, आणि फिल्टर पुन्हा सुरू केला की ते काळं पाणी थेट नव्या टाकीत येतं. म्हणून जिवाणू वाचवायचे म्हणजे त्यांचा श्वास वाचवायचा. मासे ज्या टपात काढले त्याच टपावर फिल्टर चालू ठेवा. मासे त्याला अन्न देतील, तो माशांचं पाणी राखेल. एवढी एक गोष्ट केली तर बाकीच्या निम्म्या चुका पोटात जातात.

श्वासाचा हा प्रश्न आपल्या भागात नुसता टाकी मोडण्याच्या दिवसापुरता नाही. उन्हाळ्यात सांगली, मिरज, तासगावकडे पारा चाळिशीला टेकतो. समुद्रसपाटीला २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना ७ च्या आसपास. आपण उंचीवर असल्यामुळे आणखी थोडा कमी. त्यात लाईट गेली की पाणी हलायचं थांबतं. मे महिन्यात टाकी मोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दिवाळीनंतरचे महिने उत्तम. आणि ज्या घरात लाईट वरचेवर जाते, तिथे महागड्या कॅनिस्टरपेक्षा एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर जिवाणूंना जास्त मानवतो. बॅटरीवर चालणारा छोटा पंप जोडला की तो अंधारातही चालतो. हवेच्या बुडबुड्यांनी झाडांचा कार्बन डायऑक्साइड उडतो ही तक्रार रास्त आहे, पण टाकी मोडल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत झाडांच्या वाढीपेक्षा माशांचा जीव महत्त्वाचा. कॅनिस्टर असेलच आणि लाईट दोन-तीन तासांत येण्याची चिन्हं नसतील, तर झाकण उघडा आणि माध्यम टाकीतच किंवा ओल्या उथळ परातीत पसरून ठेवा. ओलं आणि हवेशीर राहिलं तर हे जिवाणू उपासमार बऱ्यापैकी सोसतात. कोरडं पडणं आणि घुसमटणं त्यांना सोसत नाही.

तिसरं मत मातीचं. जुन्या खडीत, सॉइलमध्ये जिवाणू असतात म्हणून ती टाकू नका, असं सांगणारे आहेत. तिच्यात दोन वर्षांची घाण आहे म्हणून सगळी फेका, असं सांगणारेही आहेत. दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं आहे. अमोनिया खाणारे वरच्या थरात असतात, कारण ऑक्सिजन तिथपर्यंतच पोचतो. खाली दोन-तीन इंचांवर घुसमटलेला काळा गाळ असतो. तो ढवळला की सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि साठलेला अमोनिया एकदम सुटतो. म्हणून मासे टाकीत असताना जमीन कधीही उपसू नये. वरची इंचभर खडी अलगद काढून जुन्या पाण्यात एकदा विसळावी, पातळ पायमोज्यात भरून नव्या टाकीत फिल्टरच्या तोंडाशी महिनाभर ठेवावी. खालचा गाळ कुंड्यांना घालावा; जास्वंद त्यावर खूश असते.

नवं सॉइल घालणाऱ्यांसाठी मात्र एक इशारा. झाडांसाठी बनवलेली पौष्टिक सॉइल पहिले काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडतात. तुमचा जुना फिल्टर दहा माशांच्या अमोनियाला पुरेल एवढाच असतो. सॉइलने वरून आणखी तीस माशांइतका भार टाकला तर उत्तम राखलेला फिल्टरही कमी पडतो. साधी खडी किंवा वाळू असेल तर त्याच संध्याकाळी मासे सोडायला हरकत नाही. नवं सॉइल असेल तर मासे टपातच फिल्टरवर राहू द्या, नव्या टाकीत पायमोज्यातली खडी आणि झाडं काम करू देत, आणि टेस्ट किटवर अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच त्यांना हलवा. ही वाट पाहणं कोणालाच आवडत नाही, पण दुसरा मार्ग नाही.

झाडांबद्दल फार कमी लिहिलं जातं, म्हणून थोडं सविस्तर. डायना वॉलस्टड यांचं वनस्पतींच्या टाकीवरचं पुस्तक १९९९ मध्ये आलं. बहुतेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी उचलतात, हे त्यांनी हौशी माणसाला समजेल अशा पद्धतीने मांडलं. याचा अर्थ दाट झाडं असलेल्या टाकीत जिवाणूंचं बरंच काम झाडंच करतात. त्यामुळे टाकी नव्याने मांडताना झाडं सगळी एकाच दिवशी छाटून, विसळून, अर्धमेली करून लावली तर दोन्ही आधार एकदम जातात. हायड्रिला, सिराटोफायलम, वॅलिसनेरिया यांसारखी भराभर वाढणारी झाडं पहिले काही आठवडे मुद्दाम भरपूर ठेवावीत. शोभेचा विचार नंतर. क्रिप्टोकोरीनची पानं जागा बदलली की वितळतात. ती आपणच कापून काढावीत, नाहीतर कुजून अमोनियातच भर घालतात. आणि झाडं परातीत उघडी न टाकता ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवावीत, पानांवरचा थरही मग वाळत नाही.

झाडांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. ॲपोनोजेटॉन हे टाक्यांमधलं लाडकं कुळ. त्यातली एक जात आपल्या साताऱ्याच्या नावाची आहे, ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, आपला वायतुरा. १९८२ मध्ये शास्त्राने तिची नोंद केली. कासच्या पठारावर पावसाळ्यात साचणाऱ्या उथळ पाण्यात ती उगवते, फुलते आणि पाणी आटलं की कंदाच्या रूपाने मातीत झोपते. जगात तिचं घर एवढंच, सह्याद्रीतले हे मोजके सडे. २०१२ मध्ये कास जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथला एकही कंद टाकीसाठी उचलू नये. बाराही महिने पाण्यात बुडालेल्या टाकीत तो झोपेचा ऋतू न मिळाल्याने तगण्याची शक्यताही कमीच.

आता पाणी. साताऱ्यातल्या काही भागांना कासच्या तलावाचं पाणी येतं. जांभ्याच्या पठारावर पडलेल्या पावसाचं हे पाणी मऊ, क्षार कमी. सांगलीकडे नळाला कृष्णेचं पाणी, आणि ते कमी पडलं की बोअरचं. मिरज, वाळवा, पलूस या तालुक्यांतल्या क्षारपड जमिनी शेतकऱ्यांच्या चांगल्याच परिचयाच्या आहेत. बोअरच्या पाण्याचं जडपण त्यावरूनच ओळखावं. या दोन पाण्यांत जिवाणूंचं नशीब वेगळं असतं. अमोनियातल्या एक मिलिग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट होताना सुमारे सात मिलिग्रॅम क्षारता खर्च होते. मऊ पाण्यात ती आधीच थोडी. ती संपली की सामू घसरतो, आणि सामू साडेसहाच्या खाली गेला की हे जिवाणू मंदावतात. फिल्टरमध्ये शिंपल्यांच्या चुऱ्याची एक छोटी पुरचुंडी ठेवली की हे टळतं. जड पाण्यात जिवाणू खुशीत असतात, पण तिथे अमोनियाच जास्त विषारी. २५ अंशांना सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा-पाऊण टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ ला तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणून घसरलेल्या सामूची जुनी टाकी एकदम बोअरच्या पाण्याने भरणं फार धोक्याचं. निरुपद्रवी म्हणून साठत गेलेलं अमोनियम एका तासात विष होतं. अशा टाकीचं पाणी आठवडाभर थोडं थोडं बदलत आणावं, मग ती मोडावी.

क्लोरीनबद्दल भीतीही अवाजवी आहे आणि बेफिकिरीही. पिण्याच्या पाण्यात नळाच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असावा असं भारतीय मानक सांगतं. स्पंज एकदा नळाखाली धरला म्हणून सगळी वस्ती मरत नाही, चिकट थर तिचं रक्षण करतो. पण पावसाळ्यात नदी गढूळ झाली की क्लोरीन वाढवला जातो. गावात साथीची भीती असली की टीसीएल पावडरीचा हात सढळ होतो. त्या पाण्यात मिनिटभर पिळलेला स्पंज वाचेलच असं नाही. उपाय जुनाच: टाकी मोडायच्या आदल्या दिवशी पिंपात पाणी भरून, हवेचा दगड सोडून चोवीस तास ठेवावं. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे दुकानातलं अँटी-क्लोरीन, बाटलीवरच्या मापाने घालावं.

पुराच्या बाबतीत वरचा सगळा सल्ला उलटा होतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा गावात आलं. ज्या टाकीत पुराचं पाणी शिरलं त्या टाकीतलं काहीही राखू नये. त्या पाण्यात मैला असतो, डिझेल असतं, शेतातली औषधं असतात. स्पंज, खडी, रिंगा सगळं फेकावं. काच ब्लीचिंगने धुऊन उन्हात वाळवावी आणि विरजण दुसऱ्याकडून आणावं. ओळखीच्या माणसाच्या निरोगी टाकीतला पिळलेला स्पंज ओल्या पिशवीत, थोडी हवा ठेवून, तासाभरात घरी आणला की तो बाजारातल्या कुठल्याही बाटलीपेक्षा सरस. बाटल्यांतला माल जिवंत असेल तर उपयोगी पडतो. पण महिनोन्‌महिने गोदामातल्या आणि वाहतुकीच्या उष्णतेत राहिलेल्या बाटलीवर माझा भरवसा नाही. काहींत तर अमोनिया खाणारे नसतातच, नुसता गाळ कुजवणारे जिवाणू असतात.

फेकून देण्याची दुसरी वेळ रोगाची. मासे वाळत जाऊन, पाठ वाकून एकामागून एक मरत असतील तर माशांच्या क्षयाची शंका घ्यावी. तो जंतू, मायकोबॅक्टेरियम मरिनम, याच बुळबुळीत थरात टिकून राहतो आणि हाताला जखम असेल तर माणसाच्या कातडीतही उतरतो. तिथे विरजण सांभाळण्याचा मोह धरू नये. औषधांचंही ध्यानात ठेवावं: मिथिलिन ब्लू, फॉर्मलिन, पोटॅशियम परमँगनेट, काही अँटिबायोटिक्स माशाला वाचवताना फिल्टर मारतात. औषध द्यायचं ते वेगळ्या टपात.

मासे परत सोडल्यावर दोन आठवडे खाद्य निम्मं करा, अमोनिया आणि नायट्राइट दर दोन दिवसांनी तपासा. नायट्राइट वाढलं तर माशाचं रक्त तपकिरी होतं, ते ऑक्सिजन वाहू शकत नाही, आणि हवा कितीही सोडली तरी तो तोंड वासतच राहतो. पाणी बदलणं हा पहिला उपाय. चिमूटभर मीठही कामाला येतं, कारण मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांच्या दारातच अडवतो. मात्र झाडांना मीठ सोसत नाही, हात आखडता ठेवावा.

एक विनंती उरली. टाकी मोडताना नेहमीच काहीतरी जास्तीचं निघतं. मोठा झालेला सकर, वाढलेली पिस्टिया, नको झालेले गप्पी. ‘जीव आहे, मारायचा कशाला’ म्हणून ते नदीत किंवा तळ्यात सोडले जातात. उजनीच्या जलाशयात आज सकर माशाने मच्छीमारांना हैराण केलं आहे, आणि तो मासा या नद्यांचा नाही. जास्तीची झाडं उन्हात वाळवून खतात टाका, जास्तीचे मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. टाकीतलं काहीही कृष्णेत, वेण्णेत किंवा कासच्या तलावात सोडू नका.